अण्णांचं घर एडिसनला, वकील कुठं शोधू?

पत्र : मी सांगलीत राहते, वय ६३, शाळेतून निवृत्त. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चौतीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला होते. डिसेंबरअखेरीस झोपेतच गेले. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. कपाटात त्यांचं विल सापडलं. त्यात एक्झिक्युटर, म्हणजे विलाप्रमाणे सगळं निस्तरून वाटून देणारी, म्हणून माझं नाव आहे, माझ्यानंतर तिथल्याच त्यांच्या एका मित्राचं. सगळ्याचे तीन सारखे वाटे : मी, धाकटी बहीण आणि आमच्या वारलेल्या मधल्या भावाचा मुलगा. घर, बँकेतले पैसे आणि नोकरीतलं रिटायरमेंट खातं आहे. डोंबिवलीला एक जुना फ्लॅटही आहे. मित्र म्हणतात, “माझ्याकडे अण्णांची पॉवर ऑफ ॲटर्नी आहे, मी बघतो सगळं. आपल्या ओळखीचा मराठी वकील आहे, पाच टक्के घेईल.” तो वकील व्हिसाची कामं करतो असं कळलं. भाचा बातमी पाठवून म्हणतो की प्रोबेट (विलावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) आता रद्दच झालं, वकील हवाय कशाला? मी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. सात समुद्रांपलीकडचा वकील कसा निवडू? आणि एक विचारते, हसू नका : अण्णांची बाजाची पेटी त्या घरात आहे. ती मला मिळेल का?

---

ताई,

हसले नाही. पेटीचं शेवटी सांगते.

आधी दोन गोष्टी सांगते, कारण त्या थांबायच्या नाहीत. मी वकील नाही. छत्तीस वर्षं न्यू जर्सीत आहे आणि एका जवळच्या माणसाची इस्टेट इथं निस्तरली आहे, तेवढ्या अधिकारानं लिहिते. तुमच्या पत्रात मी ज्या ओळीवर अडले ती पॉवर ऑफ ॲटर्नीची. ते मुखत्यारपत्र माणूस जिवंत असेपर्यंतचं असतं. अण्णा गेले त्या क्षणी ते संपलं. त्या कागदावर आता बँकेतून एक डॉलरही काढायचा नाही, घरातलं काही विकायचं नाही, अण्णांचं एटीएम कार्डसुद्धा वापरायचं नाही. मित्र मनानं चांगले असतील, असणारच, दोन महिने घर सांभाळताहेत. म्हणून तर त्यांना आजच फोन करून सांगा. उद्या धाकट्या बहिणीनं किंवा भाच्यानं हिशोब मागितला, तर अडचणीत तेच येतील.

दुसरी गोष्ट विलाची. तुमच्याकडे सांगलीत असेल ती झेरॉक्स. इथं लागतं ते मूळ, शाईच्या सहीचं. मूळ विल मिळालं नाही तर साध्या खिडकीवरचं काम थेट न्यायाधीशांपुढं जातं. मित्रांना म्हणावं, ते पाकीट जसं आहे तसं ठेवा. स्कॅन करायला म्हणून स्टेपल काढू नका. खरंच सांगते. स्टेपलची जादा भोकं दिसली की पान बदललं का, असा प्रश्न उभा राहतो आणि मग साक्षीदार शोधत फिरायची पाळी येते.

आता भाच्याची बातमी. ती खरी आहे, पण आपल्याकडची. मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या विशिष्ट हद्दींत हिंदूंच्या, आणि पारशांच्याही, विलाला प्रोबेट सक्तीचं करणारं कलम होतं, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं २१३ वं. संसदेनं ते डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. डोंबिवली तर त्या हद्दीत आधीही नव्हती, त्यामुळे तिथल्या फ्लॅटला ती सक्ती कधी नव्हतीच. सोसायटी आणि निबंधक कार्यालय काय मागतील ते कल्याणचा एखादा दिवाणी वकील अर्ध्या तासात सांगेल, ते काम वेगळं ठेवा. एडिसनचं घर मात्र न्यू जर्सीच्या कायद्यात बसतं. दिल्लीत काय रद्द झालं याचं इथं कुणाला सोयरसुतक नाही.

इथं या कामाचं जे ऑफिस असतं त्याचं नाव ‘सरोगेट’. दचकू नका, सरोगसीशी काही संबंध नाही, जुना शब्द आहे. न्यू जर्सीत २१ काउंट्या, म्हणजे जिल्हे, प्रत्येकीला आपला निवडून आलेला सरोगेट. एडिसन येतं मिडलसेक्स काउंटीत, तिचं ऑफिस न्यू ब्रन्स्विकला. मृत्यूनंतर दहा दिवस उलटले की विल दाखल करता येतं. कुणाची हरकत नसेल, विलावर साक्षीदारांचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं असेल, तर हे सगळं कागदांवर होतं. न्यायाधीश नाही, तारखा नाहीत, काळा कोट नाही. शंभर-दीडशे डॉलरच्या घरात फी भरली की एक्झिक्युटर म्हणून तुमच्या नावानं अधिकारपत्र निघतं, आणि त्याचे छोटे दाखले पाच-पाच डॉलरला मिळतात. बँकेला एक, गाडीला एक, घराला एक, असे आठ-दहा घेऊन ठेवायचे. आपल्याकडे ‘प्रोबेट’ म्हटलं की डोळ्यांसमोर वर्षं उभी राहतात. इथं तो पहिला टप्पा दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्याच्या पुढचं काम खरं.

तिथंच आम्ही आपटलो. २०१२ साली माझे दीर गेले, जर्सी सिटीला. अविवाहित. माझे यजमान एक्झिक्युटर, वारस ते आणि पुण्यातली माझी नणंद. गणेशोत्सवात भेटणारा एक ओळखीचा वकील होता, आपलाच. ग्रीन कार्डाची कामं करायचा. फार सज्जन. त्यानं पंधरा दिवसांत सरोगेटकडून कागद आणून दिले, फीही बेताची घेतली. आम्ही पेढे दिले. मग निवांत बसलो. अकरा महिन्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा टायटल कंपनीच्या (घराची मालकी तपासणाऱ्या) बाईनं फोनवर विचारलं, “वारसा कराचा वेव्हर कुठाय?” म्हणजे कर भरला, मालमत्ता मोकळी, असा राज्याचा दाखला. आमचं घर गप्प. वकिलाला फोन केला, तो आमच्याहून गप्प. कर भरायची मुदत मृत्यूपासून आठ महिने होती. वर्षाला दहा टक्के दरानं व्याज लागलं, घराचा ग्राहक दोन महिने ताटकळला आणि शेवटी दुसरीकडे गेला. वकील वाईट नव्हता. त्यानं हे काम कधी केलेलंच नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

म्हणून, ताई, तुम्हाला वकील हवाच आहे. सरोगेटच्या खिडकीपेक्षाही या करासाठी.

हा वारसा कर भारतातल्या वाचकांना पटकन पचत नाही, कारण आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. अमेरिकेचा केंद्राचा इस्टेट कर अण्णांना लागायचा नाही, ते गेले त्या २०२५ सालासाठी त्याची सूटच जवळजवळ एक कोटी चाळीस लाख डॉलरची होती. न्यू जर्सीचा आपला असा वेगळा कर आहे, आणि तो नातं बघून लागतो. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील यांना शून्य. भाऊ-बहिणींना पहिले २५ हजार डॉलर माफ, पुढं ११ टक्क्यांपासून सुरुवात. पुतण्या-भाचे म्हणजे जवळजवळ परकेच : पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. (आपल्या मामा-काकांना हे कोण समजावणार!) समजा देणी वजा जाता सहा लाख डॉलर उरले, प्रत्येकी दोन लाख. तुम्हा दोघी बहिणींना १९,२५० डॉलर प्रत्येकी, आणि भावाच्या मुलाला ३०,०००. तुम्ही सांगलीत आहात म्हणून सुटका नाही, कारण अण्णा इथले रहिवासी होते. डोंबिवलीचा फ्लॅट मात्र यात धरत नाहीत, न्यू जर्सीबाहेरची स्थावर मालमत्ता आहे ती. कर भरून राज्याकडून वेव्हर येईपर्यंत बँक साधारण निम्मेच पैसे सोडते, आणि घरावर राज्याचा बोजा राहतो. हा कर वाटेकरी ज्याचा त्यानं सोसायचा की सगळ्यांचा मिळून आधी भरायचा, ते विलाच्या शब्दांवर ठरतं. म्हणून भाच्याला ही आकडेमोड आत्ताच दाखवा. वाटणीच्या दिवशी कळली तर घरात वाद होतो, आमच्याकडे झाला.

तुमचं आठ महिन्यांचं गणित ऑगस्टअखेर संपतं. मार्च चालू आहे.

पाच टक्क्यांचं काय? मला वाटतं मित्रांची गल्लत झाली आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात पाच टक्के आहेत, पण ते वकिलाचे नाहीत, एक्झिक्युटरचे. म्हणजे तुमचे! पहिल्या दोन लाखांवर ५ टक्के, तिथून दहा लाखांपर्यंत साडेतीन, त्यापुढं दोन. सहा लाखांच्या इस्टेटीवर हा मेहनताना २४ हजार डॉलर होतो. घ्यायचा की नाही तुमच्या मनावर. घेतलात तर ते उत्पन्न धरलं जातं, आयकर लागतो, वारशाचे पैसे तसे नसतात. शिवाय धाकटी बहीण काय म्हणेल हा हिशोब तुम्हीच करा. कॅलिफोर्नियात वकिलाची टक्केवारीसुद्धा कायद्यानं ठरलेली आहे, दहा लाखांच्या इस्टेटीला २३ हजार डॉलर. तिथल्या ऐकीव गोष्टी इथं येऊन चिकटतात. न्यू जर्सीत वकील बहुधा तासावर पैसे लावतो आणि ते वाजवी असले पाहिजेत, असा नियम आहे. एखाद्यानं सगळ्या इस्टेटीवर टक्केवारी मागितली तर विचारायचं : किती तासांचं काम धरलंत? जो या प्रश्नाला चिडतो त्याला आपण नमस्कार करायचा.

मग शोधायचा कुठं? पहिलं नाव अण्णांच्या घरातच आहे. इथल्या विलाला बहुतेक वेळा मागं जाड निळा कागद लावलेला असतो, त्यावर विल करून देणाऱ्या वकिलाचं नाव-पत्ता छापलेला असतो. मित्रांना त्याचा फोटो पाठवायला सांगा. त्या ऑफिसला ई-मेल करा. त्यांना अण्णांची माहिती असेल, कदाचित जुनी फाइल असेल. त्यांनाच काम द्यायला तुम्ही बांधील नाही, पण पहिला फोन तिथं. दुसरं, काउंटीच्या बार असोसिएशनची वकील सुचवणारी सेवा असते, तिथं ‘इस्टेट ॲडमिनिस्ट्रेशन’ असं नेमकं म्हणायचं. नुसतं ‘वकील हवाय’ म्हटलंत तर अपघाताच्या दाव्यांवालाही पुढं येईल. तिसरं, गेल्या दोन-चार वर्षांत एडिसन-इझलिनकडे ज्यांच्या घरात मृत्यू झाला अशा कुटुंबांना विचारा. तिथल्या मराठी मंडळात विचारलं तरी नावं मिळतील. सरोगेटच्या ऑफिसला फोन केलात तर ते कागदांची यादी देतील, वकिलाचं नाव देणार नाहीत, सल्लाही नाही. त्यांना बंदी आहे.

न्यू जर्सीत ‘प्रोबेट तज्ज्ञ’ अशी सरकारी पदवी नसते, ती कुणाच्या पाटीवर दिसली तर भुलू नका. वकिलाची सनद चालू आहे का आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या कोर्टांच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट पाहता येतं. सांगलीतूनही. पाच मिनिटांचं काम, पण आमच्यासारखे लोक ते करत नाहीत, कारण ओळखीच्या माणसाची चौकशी करणं आपल्याला कमीपणाचं वाटतं.

तीन वकिलांशी बोला. पहिला अर्धा तास बरेच जण फुकट देतात. उन्हाळ्याची वेळ लागली की सांगलीत संध्याकाळी साडेसात वाजता इथं सकाळचे दहा होतात, ती वेळ मागा. मराठी असणं चांगलंच, पण तो चौथा-पाचवा मुद्दा. एक प्रश्न मी सगळ्यात आधी विचारेन, कारण त्यात दुधाचं दूध होतं : “मी भारतात राहते, माझ्याकडे इथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. इस्टेटचं बँक खातं कसं उघडणार?” ज्यानं परदेशी एक्झिक्युटरचं काम केलं आहे तो लगेच सांगायला लागेल. इस्टेटला वेगळा कर क्रमांक घ्यावा लागतो, तो तुम्हाला ऑनलाइन मिळायचा नाही, फोनवरून किंवा अर्ज पाठवून घ्यावा लागेल. कुठली बँक समोर बसल्याशिवाय खातं उघडत नाही, पैसे काही काळ त्याच्या ट्रस्ट खात्यात ठेवता येतील का, हेही तो बोलेल. ज्यानं केलेलं नाही तो म्हणेल, “डोन्ट वरी.”

मग बाकीचं. वारसा कराचं विवरण तुम्ही स्वतः भरता की बाहेर पाठवता? माझी फाइल कोण हाताळणार, तुम्ही की पॅरालीगल, म्हणजे तुमचा मदतनीस, आणि दोघांचा तासाचा दर काय? (साध्या पत्रांना पॅरालीगलच बरा, दर निम्मा-पाऊण असतो.) लाभार्थींना साठ दिवसांत नोटीस कोण पाठवणार? आणि घराबद्दल एक प्रश्न जपून विचारा : घर इस्टेटीनं विकायचं, की आधी आम्हा तिघांच्या नावावर करून मग विकायचं? परदेशी माणसानं इथलं घर विकलं तर खरेदीदाराला साधारणपणे किमतीच्या १५ टक्के कापून सरकारकडे भरावे लागतात. ते नंतर विवरण भरून परत मागता येतात, पण त्यात वर्ष जातं. वकिलानं या प्रश्नावर क्षणभर थांबून विचार केला तर चांगली खूण समजा. मृत्यूच्या तारखेची घराची किंमत ठरवून देणारा अप्रेझरही त्यालाच सुचवू दे. तो एकच कागद वारसा करालाही लागतो आणि पुढं विक्रीवरचा नफा मोजतानाही. अण्णांनी घर कितीला घेतलं होतं हे मग फारसं महत्त्वाचं राहत नाही, ते गेले त्या दिवसाची किंमत धरतात.

जो ठरेल त्याच्याकडून दर, रिटेनर (आगाऊ रक्कम) आणि कामाची व्याप्ती लेखी घ्या. बिलं सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत येतात, हे मला पहिल्या बिलावरून कळलं. यजमानांनी “थँक यू, हॅव अ नाइस वीकेंड” असा ई-मेल केला होता, तो वाचल्याचे सहा मिनिटं. तेव्हापासून आम्ही आठवड्याचे सगळे प्रश्न एका वहीत लिहून शुक्रवारी एकच ई-मेल करायचो. फी इस्टेटीतून जाते, तुमच्या पेन्शनीतून नाही, आणि वारसा कराच्या हिशोबात ती वजाही होते. सुरुवातीचा रिटेनर कुणीतरी पदरचा भरला तर पावती ठेवा, नंतर परत मिळतो. आणि हे ध्यानात असू द्या की तो वकील तुमचा आहे, एक्झिक्युटरचा. भाच्यानं त्याला फोन करून “माझ्या वाट्याचं काय” विचारलं तर तो त्याचा सल्लागार नव्हे. भाच्याला हवा तर त्यानं आपला वेगळा बघावा.

आता अवघड भाग. तुम्ही एक्झिक्युटर व्हायचं का? सांगलीत राहून होता येतं. राज्याबाहेरच्या एक्झिक्युटरला नोटिसा स्वीकारण्याचा अधिकार इथल्या ऑफिसला द्यावा लागतो, तो एक सहीचा कागद आहे. पण बाहेरच्या माणसाकडून बॉन्ड, म्हणजे काही घोळ झाला तर भरपाईची हमी, मागितला जातो, विलात माफ केला नसेल तर. विल काढून बघा, ‘विदाउट बॉन्ड’ असे शब्द आहेत का. असले तर अर्धी डोकेदुखी गेली. नसले तर परदेशात राहणाऱ्याला बॉन्ड द्यायला अशी हमी देणाऱ्या शुरिटी कंपन्या का-कू करतात, आणि मग दुसरा रस्ता बघावा लागतो : तुम्ही लेखी नकार देऊन मित्रांना पुढं करायचं, कारण अण्णांनी त्यांचं नाव दुसरं लिहिलंच आहे. माझं विचाराल तर निव्वळ भीतीपोटी नकार देऊ नका. अण्णांनी शेजारी राहणाऱ्या मित्राआधी सातासमुद्रापलीकडच्या बहिणीचं नाव लिहिलं, त्यांच्या मनात काहीतरी असणार. पण बॉन्डवर घोडं अडलंच, तर मित्र एक्झिक्युटर आणि वकील तुम्ही तिघांनी मिळून पसंत केलेला, हा मार्ग चांगला आहे. हिशोब दर तीन महिन्यांनी तिघांनाही ई-मेलनं, एवढं ठरवून घ्या.

सहीचे कागद येतील ते तिथं नोटरी करून चालत नाहीत असं नाही, पण त्यावर राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, लागेल. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे इथं तो मानतात. दुसरा पर्याय, मुंबईत बीकेसीतलं अमेरिकन कॉन्सुलेट. वेळ घेऊन जायचं, तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. महालक्ष्मीनं रात्री निघालात तर दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत. सही घरी करून नेऊ नका, समोरच करायची असते. कुठला पर्याय चालेल ते सरोगेटला विचारून वकिलानं लेखी कळवलं, मगच तिकीट काढा. एका फेरीत जितके शिक्के उरकता येतील तितके उरकायचे, म्हणून त्याला म्हणावं सगळे कागद एकदम पाठवा.

अधिकारपत्र येईपर्यंत घर मोकळं राहणार. हा प्रश्न वकिलापेक्षा प्लंबरचा आहे. इथं मार्चमध्येही रात्री पाणी गोठतं. मित्रांना सांगा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, हीटिंग ५५ डिग्री फॅरनहाइटच्या खाली नको, आणि विमा कंपनीला घर रिकामं असल्याचं कळवायचं. बऱ्याच पॉलिशा ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलेलं घर झटकून टाकतात. मालमत्ता कर दर तिमाहीला, पुढचा हप्ता १ मेचा. विल दाखल झालं की ते सार्वजनिक होतं, मग ‘तुमचं घर रोखीनं लगेच घेतो’ अशी पोस्टकार्डं आणि ‘वारशाचे पैसे आत्ताच उचल देतो’ अशी पत्रं पडायला लागतील. सगळी केराच्या टोपलीत.

रिटायरमेंट खात्याचं, ज्याला इथं फोर-ओ-वन-के म्हणतात, विलाशी काही देणंघेणं नसतं. फॉर्मवर ज्याचं नाव लाभार्थी म्हणून असेल त्याला ते जातं. घटस्फोटानंतर अण्णांनी तो फॉर्म बदलला होता का, हे कंपनीच्या एचआरकडून काढा. नसेल बदलला, तर नाव जुन्या वहिनींचं असू शकतं, आणि अशा नोकरीतल्या खात्यांबाबत फॉर्मवरचं नाव राज्याच्या कायद्यावर मात करतं, हे इथल्या सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये सांगून ठेवलंय. जिवाला लागणारी गोष्ट आहे, माहीत आहे. पण त्यावर भांडायचं की नाही हे वकिलाला विचारायच्या आधी फॉर्म बघा. कदाचित तुमचंच नाव असेल.

पैसे भारतात येतील तेव्हा वारसा म्हणून आलेल्या रकमेवर तुम्हाला आयकर नाही. परदेशात राहणाऱ्याकडून वारशानं आलेलं घर किंवा खातं तुम्ही तिथं ठेवूही शकता, परकीय चलनाचा फेमा कायदा आड येत नाही, मात्र आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. वकिलाचं अखेरचं पत्र, विलाची प्रमाणित प्रत आणि वेव्हर एका फाइलमध्ये घालून सांगलीच्या तुमच्या सीएकडे द्या.

राहता राहिली पेटी. अधिकारपत्र हातात येईपर्यंत घरातली कुठलीही वस्तू हलवायची नाही, पेटीसुद्धा. विलात घरगुती वस्तूंबद्दल वेगळी ओळ आहे का बघा. बऱ्याचदा दुसऱ्या पानावर असते. नसली तर ती तिघांच्या सामायिक वाट्यात येते. धाकटीला आणि भाच्याला आत्ताच एक ई-मेल टाका, “पेटी मला हवी आहे, तुमची हरकत नसेल तर कळवा,” आणि त्यांची उत्तरं वकिलाच्या फाइलला लावा. मग ती तुमच्या वाट्यात धरून देता येते. जुन्या पेटीची बाजारभावानं किंमत फारशी येत नाही, तेव्हा करातही तिचं ओझं नाही. फक्त आजच्या फोनवर मित्रांना एवढं विचारा, पेटी कुठं ठेवली आहे. इथल्या लोकांना अडगळ बेसमेंटमध्ये ठेवायची सवय, आणि एप्रिलपासून बेसमेंटला ओल धरते. भाता सुटतो. खाली असेल तर तेवढी वर, दिवाणखान्यात आणून ठेवायला सांगा, भिंतीपासून जरा लांब. घराबाहेर नाही, घरातल्या घरात. तेवढं चालतं.